उद्याचा पाऊस आजच्या संकल्पचित्रात कसा धरायचा?

पाणलोट

नमस्कार मंडळी,

गेली बावीस वर्षे रस्त्याखालच्या मोऱ्या, नाले, पावसाळी गटारं आणि लहान पूल यांच्या पाण्याचा हिशेब करतोय. काम सांगायला सोपं आहे. पाऊस किती पडेल, त्यातलं किती पाणी वाहत येईल आणि ते कुठून जाऊ द्यायचं. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण आजवर मागे वळून बघत देत आलो. पर्जन्यमापकाच्या तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, दरवर्षीचा सर्वांत मोठा पाऊस वेगळा काढायचा, त्यावर गंबेल (मोठ्या घटनांचं संख्याशास्त्रीय वितरण) बसवायचा आणि पन्नास किंवा शंभर वर्षांच्या रिटर्न पिरियडचा, म्हणजे सरासरीने तेवढ्या वर्षांतून एकदा गाठला जाणारा, आकडा वाचून पुढे जायचं. काल जसा होता तसाच उद्या असणार, हे या पद्धतीच्या पोटातलं गृहीतक. आज मी ज्या पुलाचं संकल्पचित्र काढतोय त्याचं आयुष्य ७५ वर्षं धरलं, तर त्याचा मध्य २०६० च्या पुढे जातो. तिथला 'काल' आपल्या वहीत नाही.

म्हणून हवामान प्रक्षेपणं (संगणकी मॉडेलांनी काढलेले पुढच्या हवामानाचे अंदाज) वापरायची, हे आता सगळेच म्हणतात. कशी वापरायची यावर मात्र गोंधळ आहे, आणि त्या गोंधळात मीही एकदा चांगलाच अडकलो होतो.

एका पूरनाल्याच्या कामात पहिल्यांदाच प्रक्षेपणं वापरायची होती. मी एका जागतिक हवामान मॉडेलची दैनंदिन पावसाची फाइल उतरवून घेतली, आमच्या जागेवरचा चौकोन निवडला (मॉडेल जग अशा चौकोनांत विभागतं), २०७० ते २१०० मधल्या दरवर्षीचा मोठा पाऊस काढला, वक्र बसवला, सुबक आलेख केला आणि '२०८० चा शंभर वर्षांचा पाऊस' म्हणून आकडा अहवालात टाकला. वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि काही न बोलता पर्जन्यमापकाची जुनी नोंदवही माझ्यासमोर उघडली. निळ्या शाईतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या २०८० च्या आकड्यापेक्षा मोठा पाऊस त्या ठिकाणी प्रत्यक्ष पडून गेलेला होता, तोही माझ्या जन्माआधी.

मॉडेलचा चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा आणि त्यातला पाऊस सगळ्या चौकोनावर सारखा पसरलेला. पर्जन्यमापकाचं तोंड वीतभर. या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्या दिवसापासून मॉडेलकडे मी 'किती पाऊस' हे विचारत नाही, 'किती पटीने बदल' हे विचारतो. त्याच मॉडेलचा भूतकाळ आणि त्याच मॉडेलचा भविष्यकाळ यांचं गुणोत्तर काढायचं आणि आपल्या वहीतल्या आकड्याला त्याने गुणायचं. दोन्हीकडे मॉडेलची चूक साधारण सारखीच असते, त्यामुळे गुणोत्तरात ती बरीचशी कटते.

तरी गुणोत्तरही एक येत नाही. वीस मॉडेलं घेतली तर वीस येतात. कोणी पाच टक्के म्हणतं, कोणी चाळीस. इथे बरेच अभियंते हात टेकतात आणि म्हणतात, आधी शास्त्रज्ञांनी एकमत करावं, मग आम्ही बघू. माझं मत असं की आपला प्रश्नच चुकतो. 'नेमका आकडा द्या' असं न म्हणता आधी आपल्याच संकल्पचित्राला विचारावं: यातला कोणता भाग नंतर बदलताच येणार नाही? पाया, खांबांमधलं अंतर, राखून ठेवलेली जमीन, बोगद्याचा व्यास. जास्तीचं माप तिथे आजच द्यावं. उरलेल्या भागांना उद्या वाढवता येईल अशी सोय ठेवावी.

तुम्ही तुमच्या कामात हे कसं करता? पाण्याचंच असावं असं नाही, रेल्वे, रस्ते, किनारा, काहीही चालेल.

ढगमाप

फार गरजेचा विषय. मी हवामानाच्या विदेवर (डेटावर) काम करते, बांधकामातली नाही. तरी तुमच्या वीस आकड्यांबद्दल थोडं सांगते, कारण तो पसारा नुसता गोंधळ नसतो. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, हवामानाची स्वतःची ये-जा. उत्सर्जन काहीही असो, काही दशकं ओली जातात, काही कोरडी. दुसरी, मॉडेलांमधला फरक. तिसरी, माणूस पुढे किती कार्बन डायऑक्साइड सोडणार ते. तुमची वास्तू वीस-पंचवीस वर्षांची असेल तर तिसऱ्या गोष्टीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. शतकाच्या मध्यापर्यंत कमी आणि जास्त उत्सर्जनाच्या वाटा एकमेकींपासून फार लांब गेलेल्या नसतात, आणि एखाद्या ठिकाणच्या पावसात तर पहिल्या दोन गोष्टीच वरचढ असतात. ऐंशी-शंभर वर्षांच्या वास्तूला मात्र उत्सर्जनाची वाट कोणती, यावर सगळं अवलंबून.

दुसरं म्हणजे सगळ्या आकड्यांवर सारखा विश्वास ठेवू नये. तापमान वाढणार आणि समुद्र चढणार, याबद्दल खात्री सर्वांत जास्त. दिवसभराच्या मोठ्या पावसाबद्दल बऱ्यापैकी. तासाभराच्या ढगफुटीसारख्या पावसाबद्दल त्याहून कमी, कारण शंभर किलोमीटरच्या चौकोनात वादळी ढग मावतच नाही, त्याचा परिणाम सूत्राने अंदाजे धरावा लागतो. दोन-चार किलोमीटरची मॉडेलं आता आहेत, त्यांत ढग खरोखर उभा राहतो, पण ती चालवायला इतकी संगणनशक्ती लागते की थोडीच होतात. वादळी वारा आणि गारा यांबद्दल मी कुणाला आकडा द्यायला धजत नाही.

मॉडेलांच्या मागे भौतिकशास्त्र आहे, हेही लक्षात असू द्या. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय गटाच्या) २०२१ च्या सहाव्या अहवालात जमिनीवरच्या एका दिवसाच्या मोठ्या पावसाचे आकडे याच वळणाने जातात. औद्योगिकीकरणापूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा पाऊस २ अंश वाढीच्या जगात १.७ पट वेळा पडतो आणि सुमारे १४ टक्के जास्त पाणी आणतो. ४ अंशांना तोच २.७ पट वेळा आणि ३० टक्के जास्त. ही जगाची सरासरी आहे, तुमच्या नाल्याची नाही. पण तुमच्या मॉडेलाने शून्य किंवा साठ टक्के दाखवलं तर थांबून कारण शोधायला एवढा आधार पुरतो.

मला स्वतःला ऑस्ट्रेलियाची वाट पटते. त्यांच्या पूर-हिशेबाच्या मार्गदर्शिकेत २०२४ मध्ये सुधारणा झाली. २४ तास किंवा जास्त कालावधीच्या पावसाला तापमानवाढीच्या दर अंशाला ८ टक्के वाढ, एक तास किंवा कमी कालावधीच्या पावसाला दर अंशाला १५ टक्के, मधल्या कालावधींना मधले आकडे. अभियंत्याने फाइल उतरवायची गरजच नाही. किती अंशांसाठी तपासायचं तेवढं ठरवायचं.

जुनापूल

पस्तीस वर्षे पुलांवर काढून निवृत्त झालो. हवामान बदलतेय याबद्दल माझा वाद नाही. माझी काळजी वेगळी आहे, ती स्पष्ट लिहितो.

मी पाहिलेल्या वाहून गेलेल्या पुलांपैकी बहुतेकांचा पाऊस संकल्पनातल्या पावसापेक्षा कमी होता. पुलाखालचे गाळे गाळाने अर्धे भरलेले. झाडाचे खोड आडवे अडकलेले. पायाखालची माती वर्षानुवर्षे धुपत गेली आणि कुणी पाण्याखाली उतरून बघितले नाही. अशा वेळी अहवालात 'अभूतपूर्व पाऊस' हे दोन शब्द लिहिले की सगळ्यांची सुटका होते. आता 'हवामान बदल' हे दोन शब्द त्या जागी येतील अशी मला भीती वाटते.

ओरोव्हिलचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्या धरणाचा मुख्य सांडवा फुटला आणि खालच्या सुमारे १,८८,००० लोकांना घर सोडावे लागले. पाऊस भरपूर होता, हे खरे. पण सांडवा फुटला तेव्हाचा विसर्ग त्याच्या क्षमतेच्या कितीतरी खाली होता. काँक्रीटच्या तळाखाली खडक कच्चा होता, सांधे आणि निचरा सदोष होते, आणि हे दोष अनेक दशके तिथेच होते. पावसाला वीस टक्के वाढवून तो सांडवा वाचला नसता.

दुसरे. सगळ्या मोऱ्यांना सरसकट तीस टक्के वाढ द्या असा नियम निघाला, तर त्याच निधीतून होणारी जुन्या मोऱ्यांची साफसफाई आणि दुरुस्ती मागे पडेल. आज धोक्यात असलेली मोरी सोडून २०८० ची मोरी सजवायची, हे मला पटत नाही.

पाणलोट

जुनापूल सर, तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. मी स्वतः एका वाहून गेलेल्या मोरीवर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो होतो. पाइप जागेवर शाबूत होते. त्यांच्यावरचा आणि दोन्ही बाजूंचा भराव गेला होता, डांबराचा एक लांब तुकडा जिभेसारखा हवेत लोंबत होता. कठड्याच्या वरच्या नळीला गवत आणि काडीकचरा गुंडाळला होता, म्हणजे पाणी कठड्यावरून गेलं होतं. आणि वरच्या बाजूला पाइपांच्या तोंडात बाभळीचं एक अख्खं झाड मुळासकट अडकलं होतं. पाइप बुजला, पाणी चढलं, रस्त्यावरून उलटलं आणि खालच्या बाजूचा उतार खात खात मागे आलं. पाऊस किती होता याने तिथे फार फरक पडला नसता.

पण यातूनच मला वाटतं की दोन्ही विषय एकाच कामात मावतात. त्या मोरीला रस्त्यावरून पाणी जाण्याची ठरवलेली जागा असती, खालच्या उताराला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) असतं, तर झाड अडकूनही भराव टिकला असता. आणि २०८० चा पाऊस आला तरी टिकला असता. नेमका आकडा माहीत नसताना कामी येणारी सोय ती हीच.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला थोडं गणिताने उत्तर देतो. पूर्ण भरून वाहणाऱ्या पाइपची क्षमता व्यासाच्या ८/३ घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे विसर्ग २० टक्क्यांनी वाढला तर व्यास फक्त ७ टक्क्यांनी वाढवावा लागतो. ३० टक्क्यांना १० टक्के. प्रत्यक्षात पाइप ठरावीक मापांतच मिळतात. हिशेबात १००० मिमी आला आणि तुम्ही १२०० घातला, तर क्षमता ६० टक्क्यांहून जास्त वाढते. खोदाई तीच, हेडवॉल (पाइपांच्या तोंडाची भिंत) जवळजवळ तीच. सांडव्यावर पाण्याची उंची २/३ घाताने वाढते, म्हणजे २० टक्के जास्त विसर्गाला १३ टक्के जास्त उंची. पायाजवळची माती किती खोल धुपेल ते सांगणाऱ्या लेसीच्या सूत्रातली धूपही, प्रवाहाची रुंदी तीच असेल तर, त्याच घाताने. नवीन कामात हे माप देणं स्वस्त असतं, झालेल्या कामात तेच द्यायला रस्ता उकरावा लागतो. (मोरीचं तोंडच पाणी अडवत असेल, म्हणजे इनलेट कंट्रोल असेल, तर पाइपचं हे गणित लागू होत नाही. आणि मोठ्या मोरीतून सुटलेलं पाणी खालच्या घरांवर तर जात नाही ना, हे बघितल्याशिवाय माप वाढवू नये.)

रूळरेषा

पाण्यावर चर्चा रंगली आहे, मी उन्हाबद्दल लिहितो. रुळांच्या देखभालीत आहे.

अखंड जोडलेला रूळ प्रसरण पावू शकत नाही, त्यामुळे तापला की त्यात दाब साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १८ किलोन्यूटन. ज्या तापमानाला रूळ ताणरहित बसवला, त्याच्या वर ३० अंश गेला की एकेका रुळात ५०० किलोन्यूटनच्या पुढे जोर. खडी ढिली असेल, वळण असेल, तर रूळ सापासारखा बाजूला सरकतो. रूळ उन्हात हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापतो, हेही धरा. ब्रिटनमध्ये हे ताणरहित तापमान २७ अंश ठेवतात. ते वाढवलं की उन्हाळा सोपा होतो आणि हिवाळ्यात रूळ तुटायचा धोका वाढतो. म्हणजे आम्हाला सरासरी वाढीचा काही उपयोग नाही, दोन्ही टोकं एकत्र बघावी लागतात. मॉडेलवाल्यांनी आम्हाला 'सरासरी २ अंश' असं सांगितलं की आम्ही पुन्हा विचारतो, सर्वांत उष्ण दुपार किती आणि सर्वांत थंड पहाट किती.

पण पाणलोट यांच्या कसोटीवर बघितलं तर आमचं काम नशीबवान. ताणरहित तापमान काही तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, बदलता येतं. डांबराचंही तसंच, वरचा थर दर काही वर्षांनी नवा होतो, तेव्हा त्या वेळच्या उन्हाला साजेसं डांबर निवडता येतं. त्यामुळे आज २०८० चं डांबर घालू नये. पुलाचा प्रसरण-सांधासुद्धा बदलता येतो, आणि शंभर मीटर लोखंडी तुळईला तीन अंशांची वाढ म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर. त्यावर लांबलचक अहवाल लिहिलेले पाहिले आहेत, आणि त्याच पुलाच्या पायाच्या धुपीवर एक परिच्छेद.

किनारा

रूळरेषा यांच्या शेवटच्या वाक्याला +१.

समुद्राकाठच्या कामात हीच विभागणी फार स्वच्छ दिसते. कॅनडातला कॉन्फेडरेशन पूल १९९७ मध्ये खुला झाला. जवळपास १३ किलोमीटर लांब, १०० वर्षांचं आयुष्य. त्याच्या उंचीत समुद्र एक मीटर चढेल हे आधीच धरलं, कारण जहाजांसाठीची उंची नंतर वाढवणं अशक्य. बोस्टनचा डिअर आयलंडवरचा सांडपाणी प्रकल्पही सुमारे अर्धा मीटर उंच बांधला, तेही नव्वदच्या दशकात. सांडपाणी गुरुत्वाने समुद्रात जायला हवं, पातळी चढली की पंप लावावे लागले असते. तेव्हा प्रक्षेपणं आजच्या तुलनेत फार कच्ची होती. तरी निर्णय बरोबर आले, कारण त्यांनी आकड्याच्या अचूकतेपेक्षा 'नंतर बदलता येईल का' हे बघितलं.

दुसऱ्या टोकाला लंडन. १९५३ च्या पुरानंतर टेम्सवरचा पूररोधक बांध ठरला, १९८२ पासून तो कामात आहे. त्याच्या मूळ हिशेबात समुद्राची वाढ धरली होती, तीही २०३० पर्यंतची. पुढे काय, यासाठी २०१२ मध्ये योजना आली. तिने 'समुद्र इतका चढणार' असं एकच गृहीत धरलं नाही. पर्यायांच्या वाटा आखल्या, समुद्रपातळीसारखे काही निर्देशक मोजत राहायचं आणि ते ठरावीक खुणेला पोचले की पुढच्या वाटेवर वळायचं. सुधारणा करत हा बांध २०७० पर्यंत चालेल असं ते धरतात, पण बदलीचा निर्णय त्याच्या खूप आधी घ्यावा लागतो, कारण असं काम उभं राहायला दशकं लागतात. म्हणून खूण ठरवताना पातळी गाठायचा क्षण धरत नाहीत, त्यातून बांधकामाचा वेळ वजा करतात. ही वजाबाकी फार ठिकाणी विसरली जाते.

नवशिकी

सगळ्यांचं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. माझा प्रश्न लहान आहे, पण अडकले आहे.

एका रस्त्यावरची जुनी मोरी बदलायची आहे. पाणलोट क्षेत्र लहानसं, निम्मं शेतीचं, निम्मं डोंगरउताराचं. आमच्या संहितेत (संकल्पनाच्या नियमांत) पन्नास वर्षांचा पाऊस सांगितला आहे, हवामान बदलाचं कलम नाही. मी पावसाला २० टक्के वाढवून बघितलं तर पूर ३३ टक्क्यांनी वाढला. आधी वाटलं कुठेतरी चुकले. मग कळलं की १०० मिमी पावसातले ४० जमिनीत मुरतात, ६० वाहतात. १२० झाले तरी मुरणारे ४०च, वाहणारे ८०. साहेब म्हणतात संहितेत नाही तर धरायचं नाही, आणि धरलंस तर आकडा कुठून आणला ते दाखव. काय दाखवू?

ढगमाप

नवशिकी, तुमचं गणित बरोबर आहे आणि ही गोष्ट अनुभवी लोकांकडूनही निसटते. पावसाची टक्केवारी आणि पुराची टक्केवारी एक नसते. फक्त एक जपा. तापलेल्या जगात दोन पावसांच्या मधल्या काळात माती जास्त सुकते, त्यामुळे मुरणारे ४० तसेच राहतील असं नाही, मोठ्या पाणलोटात ते वाढूही शकतात. म्हणून ३३ हा एकच आकडा धरू नका. मुरणं थोडं कमी-जास्त करून दोन-तीन वेळा हिशेब करा आणि त्याची व्याप्ती लिहा.

साहेबांना दाखवायला टक्केवारीपेक्षा आयुष्यभराचा धोका चांगला. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या वास्तूला शंभर वर्षांचा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता ३९ टक्क्यांच्या थोडी वर असते. त्या पुराची दरवर्षीची शक्यता १ टक्क्यावरून हळूहळू २ टक्क्यांवर गेली असं धरा. तीच शक्यता ५३ टक्के होते. अर्ध्याच्या अलीकडून अर्ध्याच्या पलीकडे. हे कागदावर पाच मिनिटांत करून दाखवता येतं, कुठल्याही मॉडेलची फाइल लागत नाही.

किनारा

आणि बाहेरच्या संहितांत हे कलम आहे, हेही सांगा. बव्हेरियात २००४ पासून नव्या पूरसंरक्षण कामांना शंभर वर्षांच्या पुरावर १५ टक्के वाढ देतात. कोपनहेगनचं तर आणखी शिकण्यासारखं. २ जुलै २०११ ला तिथे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुढच्या वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला. भूमिगत गटारं शंभर वर्षांच्या पावसाला पुरतील इतकी मोठी करणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती दहा वर्षांच्या पावसापुरतीच ठेवली. त्यापुढचं पाणी रस्ते, बागा आणि खोलगट मैदानांतून न्यायचं ठरवलं. उद्दिष्ट असं की शंभर वर्षांच्या पावसातही रस्त्यावर १० सेंमीहून जास्त पाणी चढू नये. पाणी येणारच, ते कुठे आणि किती उभं राहू द्यायचं ते आपण ठरवायचं.

जुनापूल

नवशिकी, संहितेतला आकडा हा किमान असतो. त्याहून जास्त करायला कुणी मनाई केलेली नाही, फक्त कारण लिहावे लागते. साहेबांशी भांडू नका. दोन हिशेब द्या. एक संहितेप्रमाणे, एक वाढीव पुराचा तपास म्हणून. संहितेच्या पुरात पाणी रस्त्याच्या खाली फ्रीबोर्ड (मोकळी उंची) राखून गेले पाहिजे. तपासाच्या पुरात रस्त्यावरून गेले तरी चालेल, पण मोरी आणि भराव जागेवर राहिले पाहिजेत. या दुसऱ्या वाक्यावर साहेबांची सही मिळते असा माझा अनुभव आहे, कारण त्यात मोरी अवाढव्य होत नाही.

आता माप कुठे द्यायचे. खालच्या बाजूची कर्टन वॉल (धूप मोरीखाली शिरू नये म्हणून जमिनीत नेलेली भिंत) खोल न्या, ती नंतर खोल करता येत नाही. तळाला फरशी लांब घ्या. मोरीपासून थोडे दूर रस्त्याची पातळी मुद्दाम किंचित खाली ठेवा, म्हणजे उलटणारे पाणी मोरीच्या डोक्यावरून न जाता तिथून जाईल. त्या जागी दोन्ही उतारांना पिचिंग. आणि संकल्पचित्राच्या कोपऱ्यात टीप लिहा: कुठल्या वर्षापर्यंतच्या पावसाच्या नोंदी वापरल्या, किती टक्के वाढ तपासली, रस्त्यावरून पाणी कुठल्या पातळीला जाईल. मी आयुष्यभर जुनी संकल्पचित्रे उघडून बघितली आणि त्यांवर विसर्ग सापडायचा, पण तो कुठून आला ते कधीच सापडले नाही. चाळीस वर्षांनी जो ही मोरी तपासेल त्याला नव्याने सगळे खोदावे लागू नये.

माझ्या पहिल्या प्रतिसादात मी 'सजवायची' असा शब्द वापरला होता, तो मागे घेतो. पाणलोट यांचे पाइपचे गणित मी रात्री स्वतः करून बघितले. १००० ऐवजी १२०० घालायला माझा विरोध नाही.

नवशिकी

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभराने लिहितेय.

दोन्ही हिशेब साहेबांपुढे ठेवले. त्यांनी आधी नोंदवही मागितली, मॉडेलबद्दल काही विचारलं नाही. त्यात शेवटच्या बारा वर्षांच्या ओळी मी वेगळ्या रंगाने दाखवल्या. ते बराच वेळ बघत होते. मग आयुष्यभराच्या धोक्याचा कागद बघितला आणि ३९ व ५३ खाली स्वतःच्या पेनाने रेघ मारली.

ठरलं ते असं. १००० मिमीच्या दोन पाइपांऐवजी १२०० चे दोन. कर्टन वॉल अर्धा मीटर जास्त खोल. मोरीपासून चाळीस मीटरवर रस्ता दोनशे मिलिमीटर खाली, तिथे पिचिंग. खालच्या बाजूला पहिलं घर कुठे आहे ते मी जाऊन मोजून आले, जास्तीचं पाणी त्याच्या जोत्यापर्यंत पोचत नाही. टीप संकल्पचित्रावर उजव्या कोपऱ्यात आहे, तारखेसह. २० टक्के वाढ मात्र तपासापुरतीच मान्य झाली, मूळ हिशेब संहितेचाच राहिला.

पाणलोट

फार छान काम झालं. कर्टन वॉलच्या अर्ध्या मीटरसाठी विशेष अभिनंदन, तो भाग पुन्हा कुणी उघडत नाही.

जुनापूल

एक राहिले. मोरीच्या वरच्या बाजूला नाल्याच्या काठाने चालत गेलात का? पावसाळ्याआधी एकदा जा, निदान अर्धा किलोमीटर. काठाची माती सुटून कुठली झाडे नाल्यावर झुकली आहेत ते बघा आणि मोजा. १२०० चा पाइपही एका झाडाने बुजतो.

नवशिकी

नाही गेले सर. खालची बाजूच बघितली होती. रविवारी जाते, मोजपट्टी घेऊन.